एका बटणासाठी अख्खा कीबोर्ड?



आपल्यातल्या कितीतरी जणी आता घरात बसून कॉम्प्युटरवर चार पैसे मिळवतात. कुणी दुकानाची बिलं करते, कुणी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढते, मी मराठी टायपिंग करते. कीबोर्ड अडला की नुसतं यंत्र अडत नाही, त्या महिन्याचा हिशेब अडतो.

यंदा दशलक्षण पर्वाच्या आधी एका स्मरणिकेचं काम हाती होतं. १४० पानं, पानाला २५ रुपये. हे साडेतीन हजार लेकीच्या फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी धरलेले. साठेक पानं उरली, चार दिवस हातात, आणि कीबोर्डचं ‘डी’ बटण चिकटायला लागलं. दाबलं की खालीच राहायचं, मग सावकाश वर यायचं.

इंग्रजी टायपिंग करणारीला वाटेल, एक अक्षर तर गेलं. पण मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते आणि तिथे ‘डी’वर आहे हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह. क्ष, त्र, ज्ञ, श्र वरच्या आकड्यांच्या रांगेत मिळतात, पण बाकीची बहुतेक जोडाक्षरं या एका बटणावर उभी. ते उमटलं नाही की ‘सत्य’चं ‘सतय’ आणि ‘पुण्य’चं ‘पुणय’. खाली अडकून राहिलं तर एका अक्षरामागे हलंतांची माळ. धर्माच्या स्मरणिकेत असं कसं चालेल?

“नवीन घेऊन टाक,” असं घरात सगळ्यांचं मत पडलं. माझा कीबोर्ड मेकॅनिकल आहे, भाच्याने वापरून दिलेला. तसा नवा घ्यायचा तर फीचा बराच भाग त्यातच गेला असता. म्हणून आधी दोष नक्की कुठे आहे ते पाहायचं ठरवलं.

तोवर काम थांबू नये म्हणून मायक्रोसॉफ्टचा ‘पॉवरटॉईज’ नावाचा मोफत प्रोग्राम घेतला. त्यात एका बटणाचं काम दुसऱ्याला देता येतं. उजवीकडच्या कंट्रोलला ‘डी’ केलं. बोटं अडखळत होती, तरी त्या रात्री दहा पानं झाली.

आता दुरुस्तीचं. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. वरची टोपी काढली की अधिकच्या चिन्हासारखा प्लॅस्टिकचा दांडा दिसतो. त्याच्याखाली छोटी स्प्रिंग आणि बाजूला पितळी रंगाची पातळ पत्ती. दांडा साधारण चार मिलिमीटर खाली जातो. अर्ध्या वाटेवर पत्ती टेकते आणि अक्षर उमटतं. सोडला की स्प्रिंग त्याला वर ढकलते. ज्या कीबोर्डमध्ये टोप्यांखाली रबराचे फुगे असतात तो वेगळा, आणि लॅपटॉपची बटणं तर अशी सरळ ओढूच नयेत, खालची नाजूक कात्री तुटते.

कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची वायर काढली. टोपी काढायचं साधन विकत मिळतं. मी दोन यू-पिना टोपीच्या समोरासमोरच्या कडांखाली अडकवून सरळ वर ओढली, निघाली. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नुसता दांडा दाबून पाहिला. ही परीक्षा फुकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाची. दांडा टुणकन वर आला तर दोष टोपीत. ती चिरलेली असते, नाहीतर शेजारच्या बटणाला घासते. स्पेस, एंटर, शिफ्ट अशी लांब बटणं अडत असतील तर आधी त्यांच्या खालची तार पाहावी, ती जागेवरून सरकते. माझा दांडाच सावकाश येत होता, म्हणजे दोष स्विचच्या आत.

टोपीखाली तपकिरी चिकट डाग होता आणि त्यावर दोन बारीक मुंग्या. कधीतरी गोड काहीतरी सांडून वाळलेलं. पावसाळ्यात अशा गोडाला मुंग्या लागणारच. आपण भाजी निवडताना, पाणी गाळताना जो यत्नाचार पाळतो तो इथेही हवाच. थेट द्रव ओतला नाही. कीबोर्ड पडवीत तिरका ठेवला, हलकेच टिचक्या मारल्या, मुंग्या निघून जायला अर्धा तास दिला, मऊ कोरड्या ब्रशने झाडलं, बॅटरीच्या उजेडात पुन्हा पाहिलं आणि मगच पुढे गेले.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. नव्वद रुपयांची बाटली आणली तर सासूबाई दारातच म्हणाल्या, “अगं, अल्कोहोल? आपल्या घरात?” त्यांना सांगितलं, हे प्यायचं नव्हेच, विषारी असतं, यंत्रं पुसायला वापरतात. वास घेऊन त्यांची खात्री पटली. हे लवकर पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरापासून लांब, खिडकी उघडी ठेवून काम करावं. दांडा दाबून धरला, ड्रॉपरने दोन-तीन थेंब फटीत सोडले, साठ-सत्तर वेळा वरखाली केला, कागदाने टिपलं आणि रात्रभर वाळू दिलं. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल किंवा पाणी मात्र घालू नका. तेलावर धूळ बसते आणि चिकटा वाढतो.

पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. माझं बटण एक दिवस नीट चाललं आणि पुन्हा जड झालं. आता स्विच बदलायचा. काही कीबोर्डमध्ये स्विच खोबणीत नुसता खोचलेला असतो, चिमट्याने ओढून दुसरा बसवता येतो. बसवताना खालचे पाय वाकत नाहीत एवढं पाहायचं. माझ्यात तो डाख देऊन पक्का केलेला.

सुटा स्विच शोधत बाजारात फिरायची गरज पडली नाही, कारण तो कीबोर्डमध्येच होता. ‘स्क्रोल लॉक’ हे बटण मी इतक्या वर्षांत एकदाही दाबलेलं नाही. त्याचा स्विच तसाच, कोरा. आमच्या गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी दोन्ही स्विचचे दोन-दोन पाय डाख शोषून मोकळे केले आणि अदलाबदल करून पुन्हा डाख दिला. वीस मिनिटं, ऐंशी रुपये. घरी कुणी डाख देणार असेल तर ओट्यावर नको आणि नंतर साबणाने हात धुवा, कारण डाखात बहुधा शिसं असतं.

एकूण खर्च एकशे सत्तर. अडणारा स्विच आता स्क्रोल लॉकच्या जागी आहे, तिथे तो कुणाला नडत नाही. स्मरणिका वेळेवर गेली, हप्ताही भरला.

अपरिग्रहाचा अर्थ आपण बहुतेक वेळा ‘नवीन घेऊ नये’ एवढाच लावतो. हातात आहे त्यात काय पडून आहे ते नीट पाहणं, हाही त्याचाच भाग असावा असं मला त्या दिवशी वाटलं. शंभरेक बटणांतलं एक अडलं म्हणून बाकीची का टाकायची?

तुमच्याकडे असं बटण अडलं तर क्रम लक्षात ठेवा: वायर काढा, टोपी काढा, नुसता दांडा दाबा, जीवजंतू पाहा, झाडा, थेंब सोडा, वाळवा आणि मगच स्विच बदला. आणि रात्री काम संपलं की कीबोर्डवर जुन्या ओढणीचा तुकडा टाकून ठेवा. म्हणजे धूळ बसत नाही.