सासूबाईंच्या ओव्या आणि दुसरी हार्ड डिस्क

घरात सामान वाढलं की आपण जुनं काढून टाकतो, नाहीतर आणखी एक कपाट घेतो. आमच्या डेस्कटॉपची ५०० जीबीची हार्ड डिस्क भरली, तेव्हा हाच प्रश्न आला. मुलाचं म्हणणं, ‘‘आई, नको ते व्हिडिओ डिलीट कर ना!’’ पण नको ते कोणतं, हे ठरवायचं कोणी? त्यातच सासूबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मोबाइलवर घाईत केलेलं रेकॉर्डिंग. मागे कुकरची शिट्टीही ऐकू येते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

फरीदाबादमध्ये राहिलं की अशा गोष्टींचं मोल जरा जास्तच कळतं. इथला एनआयटी भाग फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवला गेला. आमच्या शेजारच्या आजींकडे बन्नूच्या घराचा एकही फोटो नाही. अंगणात डाळिंबाचं झाड होतं, एवढंच त्या सांगतात.

म्हणून काहीही न पुसता जागा वाढवायचं ठरलं. आधी कॅबिनेट उघडून तीन गोष्टी पाहिल्या : डिस्क बसवायला रिकामा कप्पा, मदरबोर्डवर रिकामं साटा पोर्ट आणि एसएमपीएसमधून येणारी एखादी मोकळी पॉवर केबल. मग व्हायोलेट लाइनची मेट्रो धरून थेट नेहरू प्लेस गाठलं आणि २ टीबीची डिस्क व साटा केबल घेऊन आलो.

बसवण्याचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढायचा. इथल्या कोरड्या थंडीत अंगात स्थिर वीज साठते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. केबलच्या टोकाची खाच ‘एल’ अक्षरासारखी असते, ती एकाच बाजूने बसते; बसत नसेल तर जोर न लावता उलटी करून पाहायची. डिस्क स्क्रूने घट्ट आवळायची, कारण ती आत सतत फिरत असते आणि सैल राहिली तर थरथरते.

कॉम्प्युटर सुरू केला, तर नवी डिस्क दिसेचना! मुलाचा चेहरा पडला. पण कोऱ्या डिस्कचं असंच असतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइज करावी लागते, जीपीटी निवडून व्हॉल्यूम बनवावा लागतो आणि मग फॉरमॅट. इथे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. फॉरमॅट करताना चुकून जुनी डिस्क निवडली, तर सगळंच गेलं. आम्ही दोघांनी आकडा मोठ्याने वाचूनच बटण दाबलं. २ टीबीऐवजी १.८१ टीबी दिसले, तर दुकानदाराला दोष देऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या.

जागा झाली, पण आठवणी सुरक्षित झाल्या असं नाही. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच एसएमपीएसवर. उन्हाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा एका झटक्यात दोन्ही बिघडू शकतात. जाणकार सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. आम्ही ओव्यांची एक प्रत जुन्या डिस्कवर ठेवली, दुसरी नव्या डिस्कवर आणि तिसरी पेनड्राइव्हवर घालून नाशिकला नणंदेकडे पाठवली.

चार दिवसांनी वन्संचा फोन आला. आवाज भरून आलेला. ‘‘वहिनी, तिसऱ्या ओवीत आई ज्या गावाचं नाव घेते ना, ते तिचं माहेर नाही गं. ते तिच्या आईचं माहेर. ही ओवी आजीची आहे.’’

इतक्या वेळा ऐकूनही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या फाइलच्या नावात आता मी पणजीचंही नाव जोडलं आहे.