गाण्यातली अ‍ॅन

गाण्याचं रसग्रहण लिहायला घेतलं की मी शब्दांचा छापील कागद आधी उघडत नाही. गाणं कानात मुरू देतो, मग शब्द स्वतःच्या हाताने वहीत उतरवतो आणि नावं, गावं, सनावळ्या, नाती यांखाली रेघ मारतो. गाण्यात दडलेला अर्थ बहुधा अशा साध्या तपशिलांतूनच हाती लागतो.

'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या अमेरिकी इंडी रॉक बँडचं 'हॉलंड, १९४५' घ्या. १९९८ च्या 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' या अल्बममधलं हे गाणं. त्यात १९४५ साली एक मुलगी मरते. बहीण तिच्या शेजारीच आहे आणि बंदुका येऊन पोहोचायला काही आठवडेच उरलेत. मुलीचं नाव कुठेच येत नाही. पण अ‍ॅन फ्रँक आणि तिची बहीण मार्गो १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरण पावल्या आणि १५ एप्रिलला ब्रिटिश फौजांनी ती छावणी मुक्त केली. अ‍ॅनची डायरी वाचून आपण हादरलो होतो, असं गीतकार-गायक जेफ मँगमने मुलाखतीत सांगितलंय. इथवर अर्थ पक्का लागतो.

पुढे ती मुलगी स्पेनमध्ये पियानो वाजवणारा मुलगा झालेली दिसते. 'पुनर्जन्म' म्हणून आपण मराठी वाचक चटकन मोकळे होतो. मला मात्र त्यात ती कुठेतरी असलीच पाहिजे, हा हट्ट ऐकू येतो. एवढं मरण सांगणारं गाणं, पण त्याची लय धावती. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, ड्रम दणदणीत, वर पितळी वाद्यांचा कल्लोळ, आणि मँगम जवळजवळ ओरडत सगळं सव्वातीन मिनिटांत सांगून टाकतो. हा शोक मरण मान्य करायलाच तयार नाही. नुसते शब्द वाचणाऱ्याला हे कळायचं नाही.

मग गाण्यात एक भाऊ येतो, धूमकेतूवर स्वार होऊन कायमचा गेलेला. अ‍ॅनला भाऊ नव्हता. ओढूनताणून त्यालाही तिच्या चरित्रात बसवता येईल, पण मग आपण गाणं ऐकायचं सोडून आपलंच म्हणणं रेटू लागतो. ती जागा मी मोकळी ठेवतो.

अ‍ॅनची डायरी मराठीतही आहे. ती वाचा आणि मग हे गाणं मोठ्या आवाजात ऐका. जुळेल ते जुळवा. जुळणार नाही, ते गाण्याचंच राहू द्या.