आईने पहिल्याच दिवशी सांगितले होते

गेली अठ्ठावीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जनरल प्रॅक्टिस करतो आहे. पूर्वी रुग्ण लक्षणे घेऊन यायचा, आता तो बहुधा निदान घेऊनच येतो. छातीत जळजळ झाली की रात्री मोबाइल उघडला जातो आणि सकाळी माझ्यासमोर बसलेला माणूस तीन भयंकर आजारांची नावे उच्चारतो. मी समजावतो, कधी रागावतोही. ‘‘मोबाइलला तुमची नाडी लागत नाही,’’ हे माझे ठरलेले वाक्य. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात हेच वाक्य मला कोणीतरी ऐकवायला हवे होते. खरे तर एका व्यक्तीने ते निराळ्या शब्दांत ऐकवले होते. मी ऐकले नाही.

आमच्या घरी चिंगी नावाची गावठी कुत्री आहे. वडील गेले त्या वर्षी पावसात भिजलेले एक पिल्लू आईने पदराखाली घेऊन घरात आणले. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. वडिलांच्या मागे तिचे दिवस कसे गेले असते, याचा विचार मी अनेकदा करतो आणि दरवेळी चिंगीपाशी येऊन थांबतो. पहाटे आईला उठवायला कोणीतरी आहे, दुपारी तिच्या खाटेखाली कोणीतरी झोपते, संध्याकाळी तिला अंगणात चार फेऱ्या मारायला लावते. मी लिहून दिलेल्या कोणत्याही गोळीने एवढे काम केले नसते.

गोकुळाष्टमीच्या चार दिवस आधी चिंगीने भाकरीला तोंड लावले नाही. पाणी मात्र ती वारंवार पीत होती. अंगणातली कुंडी दिवसातून दोनदा रिकामी होऊ लागली. रात्री दोन-तीनदा लघवीसाठी दार खाजवू लागली. आई म्हणाली, ‘‘अरे, हिला आतून काहीतरी होतंय. एकादशीपासून ही तिच्यात नाही. दाखवून आण तिला.’’

दाखवायचे म्हणजे काय, तर साताऱ्याला न्यायचे. त्या आठवड्यात तापाची साथ होती आणि दवाखाना रात्री दहापर्यंत भरलेला असायचा. शिवाय मी डॉक्टर होतो. ‘‘बघतो,’’ असे म्हणून मी मोबाइल उघडला.

‘कुत्रा खूप पाणी पितो’ असे शोधताच उत्तरांची रांग लागली. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, उष्णतेचा त्रास. मधुमेह हा तर माझ्या रोजच्या ओळखीचा आजार. एका चित्रफितीत कुत्र्याच्या कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब कसा घ्यावा हे दाखवले होते. मी माझा ग्लुकोमीटर आणला आणि साखर तपासली. ११२. मधुमेह नाही, या आनंदात मी तो दिवस काढला. दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. पुन्हा शोधले. पोट बिघडले असेल, दहीभात द्या, क्षारांचे पाणी द्या, चोवीस तास वाट पाहा. मी आम्लपित्तावरची गोळी वजनाच्या हिशेबाने अर्धी करून दिली आणि वाट पाहिली.

सामान्य माणूस मोबाइलवर शोधतो तेव्हा त्याच्या मनात निदान एक धाकधूक असते की आपल्याला यातले कळत नाही. माझ्या मनात ती नव्हती. मला शब्द समजत होते, आकडे समजत होते, त्यामुळे प्राणीही समजतो आहे असे मला वाटले. अर्धवट माहितीपेक्षा पाऊण माहिती अधिक धोक्याची, हे मला त्या आठवड्यात कळले.

तिसऱ्या रात्री चिंगी कण्हू लागली. पोटाला हात लावू देईना. वेदना कमी व्हावी म्हणून मी आयब्युप्रोफेनची गोळी काढली, अर्धी तोडली आणि गुळात भरली. आई खाटेवर उठून बसली. ‘‘माणसाचं औषध तिला कशाला? नको देऊस.’’ मी जरा चिडूनच म्हणालो, ‘‘आई, मी डॉक्टर आहे.’’ ती म्हणाली, ‘‘माणसांचा.’’ तिने माझ्या हातातला गूळ काढून घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी चिंगी उठली नाही. चादरीची झोळी करून आम्ही तिला गाडीत ठेवले. आई हट्टाने बरोबर आली.

साताऱ्यातल्या त्या पशुवैद्य माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मी लक्षणे, साखरेचा आकडा, दिलेली औषधे असे सगळे व्यवस्थित, एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगावे तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चिंगीच्या हिरड्या पाहिल्या, पोटावरून हलकेच हात फिरवला आणि मला नव्हे, आईला विचारले, ‘‘आजी, ही माजावर शेवटची कधी आली होती?’’

‘‘आषाढी एकादशीला. तेव्हा मी हिला आठ-दहा दिवस बांधून ठेवलं होतं.’’

‘‘म्हणजे साधारण सहा आठवडे. आणि हिचं ऑपरेशन झालेलं नाही ना?’’

‘‘नाही गं बाळ. राहूनच गेलं.’’

सोनोग्राफीच्या आधीच त्यांना निदान झालेले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले. गर्भाशयात पू झाला होता. पायोमेट्रा.

हा आजार माणसांत क्वचितच आढळतो. मी परीक्षेपुरता वाचला होता आणि विसरलो होतो. निर्बीजीकरण न झालेल्या, वय वाढत चाललेल्या कुत्रीत मात्र तो नेहमीचा आहे. माज ओसरल्यावर, गर्भ राहो अथवा न राहो, कुत्रीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉनचा अंमल असतो. वर्षानुवर्षे असे होत गेले की गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि माजाच्या काळात आत शिरलेल्या जिवाणूंना तिथे घर मिळते. त्यांचे विष रक्तात उतरले की मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती जाते. म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर पू बाहेर दिसतो. ते बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तो प्रकार अधिक घातक. चिंगीचे तोंड बंद होते.

रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या, क्रिएटिनिनही वाढले होते. शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविके सुरू करून त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. बाहेरच्या बाकावर आई जपमाळ घेऊन बसली होती. मी पशुवैद्यांना आयब्युप्रोफेनची गोष्ट सांगितली. त्या क्षणभर थांबल्या. ‘‘सर, आजींनी ती गोळी घेऊ दिली नाही हे फार बरं झालं. कुत्र्याच्या पोटात त्याने व्रण होतात आणि मूत्रपिंडं बसतात. हिची तर आधीच बसायला आली होती.’’

चिंगी वाचली. पण मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत. आजही तिला वेगळा आहार असतो आणि दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी. आधीच्या तीन दिवसांचा त्यात किती वाटा, हे कोणी सांगू शकणार नाही. मी त्या प्रश्नाचे उत्तर मागतही नाही.

या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच एखादे मांजर वा कुत्रे असेल, आणि मुले दूर गेल्यावर तेच घरातले बोलते-चालते माणूस असेल. त्याला दवाखान्यात नेणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पंधरा किलोचे जनावर उचलायचे कसे? रिक्षावाला तयार होत नाही, पशुवैद्य जवळ नसतो, खर्चाचा अंदाज नसतो. परदेशातला मुलगा मग प्रेमानेच काहीतरी शोधतो आणि फोनवर सांगतो. त्याला दोष कसा द्यावा? मी तर त्याच घरात होतो.

परंतु मोबाइल आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. ‘खूप पाणी पिते’ एवढेच मी विचारले. माजाचे मी विचारले नाही, कारण ते विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते. पशुवैद्याचे शिक्षण नेमके तिथे उपयोगी पडते. आणि ज्या प्रश्नाने निदान झाले त्याचे उत्तर घरात होते. आईने एकादशीचे नाव पहिल्याच दिवशी घेतले होते.

औषधांच्या बाबतीत तर मोबाइलच काय, माझ्यासारखा माणसांचा डॉक्टरही विश्वासाचा नाही. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात. कुत्र्यांच्या गोचिडांवर मिळणारे परमेथ्रिनचे औषध मांजराला लावले तर त्याला झटके येतात. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा हे कुत्र्यांना अपायकारक आहेत. विषारी काही खाल्ले म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय तर मुळीच करू नये. ते मीठच जिवावर बेतू शकते.

काही लक्षणांत ‘चोवीस तास वाट पाहा’ हा सल्ला लागू होत नाही. बोका वारंवार लघवीला बसतो पण थेंबही येत नाही, मांजर तोंड उघडून श्वास घेते, मोठ्या कुत्र्याचे पोट फुगते, तो ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडतात, झटके येतात, किंवा निर्बीजीकरण न झालेली कुत्री माजानंतरच्या दोन महिन्यांत मलूल होते आणि फार पाणी पिते. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघावे.

आणखी एक गोष्ट माणसांचा डॉक्टर म्हणून सांगतो. कुत्र्याची लाळ गळते आहे, त्याला गिळता येत नाही, घशात हाड अडकले असावे असे वाटते, तेव्हा तोंडात हात घालू नका. रेबीजही असाच दिसू शकतो. लाळ जखमेला लागली, ओरखडा उठला किंवा दात लागला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी डॉक्टरांकडे जावे. घरचेच कुत्रे आहे म्हणून थांबू नये. हळद, चुना, तिखट काही लावू नये.

मोबाइल टाकून द्या, असे मी म्हणत नाही. जवळचा पशुवैद्य शोधायला तो हवाच. ज्या पशुवैद्याने आपला प्राणी पूर्वी तपासला आहे त्यांना रात्री फोटो पाठवून ‘आत्ता येऊ की सकाळी?’ असे विचारणे हाही त्याचा चांगला उपयोग. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते महाविद्यालय १८८६पासून पशुवैद्य घडवत आले आहे. गरज पडेल तेव्हा धावाधाव नको म्हणून प्राणी धडधाकट असतानाच एकदा दाखवून यावे. त्याची फाइल करावी: वजन, लसी, माजाच्या तारखा, चालू औषधे. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर पशुवैद्याच्या नंबराशेजारी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. शेजारच्या एखाद्या तरुणाशी आधीच बोलून ठेवावे. पिल्ले नको असतील तर कुत्रीचे निर्बीजीकरण वेळेवर करावे. आमचे ‘राहूनच गेले’.

आणि जे आई-वडिलांची काळजी घेतात त्यांना एक विनंती. घरातले वृद्ध माणूस जनावराबद्दल काही सांगते तेव्हा ते दिवसभर त्याच्याजवळ बसून पाहिलेले असते. त्याच्या भाषेत ‘क्रिएटिनिन’ नसेल, ‘तिच्यात नाही’ एवढेच असेल. ते लिहून घ्या आणि पशुवैद्याला सांगा.

माझ्या टेबलासमोर आजही लोक मोबाइल पुढे करतात. मी पूर्वीसारखा रागावत नाही. आधी तो बाजूला ठेवायला सांगतो आणि बरोबर आलेल्या माणसाला विचारतो, ‘‘तुम्हाला काय वाटतं? कधीपासून?’’

परवा संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई अंगणात होती. ‘‘चिंगीनं आज कान खाजवलाय दोनदा,’’ ती म्हणाली. मी गाडीची किल्ली खिशातच ठेवली आणि विचारले, ‘‘निघायचं का?’’

आई हसली. ‘‘आत्ता नको. उद्या सकाळी जाऊ. पण जाऊ.’’