खांबावरची लेक आणि तिची कंबर



माझी धाकटी लेक जालन्यात मल्लखांब शिकते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. एका लग्नात कुणीतरी मोबाईलवर पोल डान्सचा व्हिडिओ दाखवून विचारलं, "तुमची मुलगी हेच करते ना?" मी म्हटलं, खांबाला धरून अंग तोलायचं, मांड्यांनी पकड घ्यायची, पाठ मागे वाकवायची, एवढं दोन्हीकडे सारखंच. पण आपला खांब लाकडाचा, त्याला एरंडेल चोळतात. पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी हा व्यायाम पुन्हा रुजवला. मुंबईच्या शिवाजी पार्कवर पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मुली पूर्वी दोरीच्या मल्लखांबावर जास्त दिसायच्या, आता पुरलेल्या खांबावरही चढतात.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, ती म्हणजे कंबरेचं दुखणं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

लेकीची कंबर दुखत होती आणि महिनाभर तिने ते घरात कुणालाच सांगितलं नाही. सामायिकाला बसली की ती सारखी कूस बदलायची, म्हणून माझ्या लक्षात आलं. जवळ घेऊन विचारलं तर रडायला लागली. "मम्मी, सांगितलं असतं तर आजींनी बंदच केलं असतं." सासूबाईंचं म्हणणंही काळजीपोटीच होतं. मुलीची जात, उद्या कंबर धरली तर सासरी काय सांगायचं?

छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिला एका पायावर उभं करून मागे वाकायला लावलं. दुखलं ते नेमकं तिथेच. तपासण्या झाल्या. कंबरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या बाजूला ताणाने बारीक चीर पडली होती. वाढत्या वयात, वारंवार मागे वाकणाऱ्या मुलामुलींना हे होतं. जिम्नॅस्टिक्स करणारे आणि क्रिकेटमधले वेगवान गोलंदाज यांच्यातही आढळतं. लवकर कळलं तर विश्रांतीने भरून येतं. अंगावर काढलं तर दुखणं मुरतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, ही जेवते किती वाजता? पाळी नियमित आहे का?

सख्यांनो, हा प्रश्न आपल्या घरांसाठीच आहे. सराव संध्याकाळी पाच ते सात. आपला चौविहार. थंडीत जालन्यात सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे साडेचारला चार घास खाऊन पोर दोन तास खांबावर, आणि नंतर थेट दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत पोटात काही नाही. त्यात पर्युषणात अठाई करायची तिची हौस. डॉक्टरांनी समजावलं, मेहनत जास्त आणि अन्न कमी असं बरेच दिवस चाललं की पाळी लांबते, हाडं कमजोर होतात आणि अशा चिरा पडायला वेळ लागत नाही.

घरात दोन मतं होती. कुणी म्हणे खेळ सोडा, कुणी म्हणे नियम सोडा. आम्ही दोन्ही सोडलं नाही, वेळ बदलली. सरांशी बोलून तिला साडेतीनच्या तुकडीत घातलं. पाचला सराव संपतो, साडेपाचला ती पोटभर जेवते: मुगाचं धिरडं, पनीर, ज्वारीची भाकरी, दूध. डब्यात शेंगदाण्याचा लाडू असतो. अठाईबद्दल मी तिला एवढंच सांगितलं की पच्चक्खाण शक्ती पाहून घ्यायचं असतं. यंदा तिने बियासणं केली.

तीन महिने मागे वाकणं पूर्ण बंद होतं, पण अंथरुणात पडून राहणंही नव्हतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले. मालिशवाल्याकडून कंबर मोडून घ्यायची नाही, हे त्यांनी बजावलं. सामायिक भिंतीला पाठ टेकून झालं. मग सर हळूहळू तिला पुन्हा खांबावर घेऊ लागले, आधी साध्या पकडी, वाकण्याचे प्रकार शेवटी.

तुमच्या घरी मुलगी मल्लखांब, योगासनं, भरतनाट्यम, काहीही करत असेल तर एवढं पाहा. मागे वाकताना दुखतं का? दोन आठवड्यांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यात एक दिवसही थांबू नका.

आणि दुखणं सांगितलं की आवडती गोष्ट बंद होते, असं मुलीला वाटू देऊ नका. आपल्या आया-आज्यांनी कंबरेचं दुखणं असंच पदराआड ठेवलं. आमच्या सासूबाई आता रोज साडेपाचला स्वतः ताट वाढतात आणि आधी विचारतात, "आज कंबर कशी आहे गं?" लेक खरं उत्तर देते.