नागावच्या ओहोटीत टुंड्रा

अलिबागजवळच्या नागावच्या पुळणीवरून सरळ उत्तरेला रेघ ओढली, तर ती जोधपूर, इस्लामाबादच्या जवळून जात कझाकस्तान ओलांडते आणि सैबेरियात ओब नदीच्या आखाताशी पोचते. तिथून पूर्वेला तैमीर द्वीपकल्प. हा सगळा टुंड्राचा मुलूख. झाड औषधालाही नाही, जमीन बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा विरघळतो. खाली बर्फ असल्यामुळे पाणी मुरत नाही आणि जिकडेतिकडे दलदल होते. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, तेव्हा डास आणि माश्यांना ऊत येतो.

ओबच्या आखाताच्या पश्चिमेला, यमल द्वीपकल्पावर, नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन हिंडतात. कातड्याचे तंबू घसरगाड्यांवर लादायचे, उन्हाळ्यात उत्तरेला जायचं, हिवाळ्यात दक्षिणेला झाडोऱ्याच्या आसऱ्याला यायचं. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं खाद्य खातात. ते आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे बर्फाऐवजी पाऊस पडला, मग तो गोठला. त्या कडक थराखालचं खाद्य जनावरांना उकरता येईना. सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले.

हा मुलूख नागावपासून वाटतो तितका परका नाही. सप्टेंबरात ओहोटी लागली की सुरूच्या बनापुढच्या काळसर, घट्ट वाळूवर त्या टुंड्रातून आलेले सँडरलिंग पक्षी दिसू लागतात. लाट मागे सरली की तिच्यामागे धावायचं, वाळूतले किडे टिपायचे, लाट परतली की पुढे पळायचं. पक्षी जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा. ओल्या वाळूतला त्याचा ठसा नीट पाहावा: तीनच बोटं उमटतात, कारण मागचं बोटच नसतं. त्याच्याबरोबर खाली वाकलेल्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपरही येतो. त्याची वीण मुख्यतः तैमीरवर होते.

आलेल्या थव्यात पिल्लं किती, हे तिथले लेमिंग ठरवतात. उंदरांसारखे हे प्राणी काही वर्षं वाढत जातात आणि मग एकाएकी घटतात. ते घटले की ध्रुवीय कोल्हे जमिनीवरच्या घरट्यांकडे वळतात, अंडी-पिल्लं फस्त करतात. तसं साल असलं की शरद ऋतूत दक्षिणेला उतरणाऱ्या थव्यांत पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असलेली कोवळी पाखरं फार थोडी असतात.

आता तिथला बर्फही लवकर वितळू लागला आहे. तैमीरवर वीण करणाऱ्या रेड नॉट पक्ष्यांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. किड्यांचा बहर पिल्लं निघण्याआधीच ओसरतो, त्यामुळे पिल्लं लहानखुरी राहतात, चोच आखूड होते. मग हिवाळ्यात आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर खोल रुतलेल्या शिंपल्यांपर्यंत ती पोचत नाही. तिकडच्या उन्हाळ्याचा हिशेब इकडच्या वाळूत चुकवावा लागतो.

नागावची जबाबदारी एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत मोठी असते. सहा हजार किलोमीटरहून लांबच्या उड्डाणासाठी पक्षी तेव्हा अंगावर चरबी साठवतात. कर्ल्यू सँडपायपरच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो. नेमकी तेव्हाच सुट्टीची गर्दी, पाण्यातले खेळ आणि पुळणीवरून धावणाऱ्या गाड्या. थवा उठला की चरणं थांबतं आणि साठवलेली चरबी उगाच जळते. पर्यटनावर इथली अनेक घरं चालतात, ते बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण ओहोटीच्या दोन-तीन तासांत शेजारच्या अक्षी गावाकडचा पट्टा गाड्यांपासून मोकळा ठेवणं नागावकरांना नक्की जमेल, आणि ते याच हंगामापासून सुरू व्हायला हवं.