पेरणीचा सल्ला काढणीत

सोयाबीनच्या शेंगा तडकायला लागल्या होत्या. मळणी यंत्राचा नंबर लवकर लागावा म्हणून गावात ओढाताण चाललेली. अशा दिवसांत एका संध्याकाळी रेडिओवरचे तज्ज्ञ सांगत होते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या आक्का तिथेच थांबल्या. "आवं, हे कधीचं सांगायलेत?" त्यांनी विचारलं. "आता पेरलं तर खायचं कवा?"

मी धारूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. मशीनवर बसलं की हात आणि डोळे अडकतात, कान मोकळे राहतात; म्हणून माझ्याकडे दिवसभर रेडिओ असतो. बालाघाटाच्या डोंगरात एफएम लहरी अडतात. चढावरच्या घराला स्वच्छ ऐकू येतं ते खालच्या वस्तीला खरखरतं. तरी आमच्याकडे आकाशवाणीची तीन-चार केंद्रं लागतात. त्यातल्या एका केंद्राच्या संध्याकाळच्या शेती आणि महिलांच्या कार्यक्रमाची ही हकिगत आहे.

जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा लावणं हा गुन्हा नाही. पण कोरडवाहू शेतात सल्ल्याला वेळेची किंमत असते. बोंडअळीचा कामगंध सापळा केव्हा लावायचा, हे बोंडं पोखरून झाल्यावर कळून काय उपयोग? मला त्या दिवशी राग आला तो याचा, की हा कार्यक्रम कुणीतरी ऐकत असेल, असं लावणाऱ्याला वाटलेलंच नव्हतं.

बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. तक्रार करायची तर पुरावा पाहिजे, असं गटाच्या अध्यक्ष मामींनी सांगितलं. मग एक लांब वही आणली. तारीख, वेळ, जाहीर केलेला कार्यक्रम, प्रत्यक्षात लागलेला कार्यक्रम, आणि शेवटी 'कामाचं का?' असे रकाने आखले. पाळ्या लावून घेतल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या सकाळी पाणी भरायला येताना सांगायच्या आणि मी लिहून घ्यायची. "शेतीचं होतं म्हणे, सिनेमाची गाणी लावली", "डाळिंबाचं सांगितलं, आपल्याकडं कुणाचंय डाळिंब", "दवाखान्याच्या बाईनं रक्त कमी असल्याचं चांगलं सांगितलं, पुन्हा लावा म्हणावं." या शेवटच्या नोंदीमुळे वहीला वजन आलं. आम्ही नुसती चुका मोजणारी मंडळी नव्हतो.

अंबाजोगाईला शिकणाऱ्या माझ्या पुतणीने, आकाशवाणी ज्याखाली चालते त्या १९९०च्या प्रसार भारती कायद्याची प्रत काढून आणली. तो प्रत्यक्ष लागू झाला १९९७ साली. त्यातलं कलम १२ तिने आम्हाला मराठीत समजावून सांगितलं. शेती, ग्रामविकास आणि आरोग्याकडे विशेष लक्ष देणं, ग्रामीण, दुर्बल आणि मागास भागातल्या लोकांची सेवा करणं, कामगारांच्या हक्कांचं रक्षण करणं, हे सगळं तिथे कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. कलम १४ मध्ये तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद आहे. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले पी. बी. सावंत होते. पूर्वी रेडिओचं लायसन भरायला लोक पोस्टात जायचे, हे आमच्या तात्यांना आठवतं. लायसन गेलं, पण रेडिओ आपला आहे हे त्यानंतरच कोर्टाने सांगितलं, असं ते म्हणाले. मला तो मुद्दा फार पटला.

मग माहितीचा अधिकार. राज्य सरकारच्या कार्यालयाला अर्ज करायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. आकाशवाणीसारख्या, केंद्र सरकारकडे येणाऱ्या कार्यालयाला पोस्टल ऑर्डर जोडतात. अर्ज दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलेल्या आक्कांच्या सहीने केला, म्हणजे शुल्कच लागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. विचारलं ते असं: गेल्या वर्षात शेतीचे किती कार्यक्रम नव्याने ध्वनिमुद्रित केले, किती पुन्हा लावले, कार्यक्रम सल्लागार समितीत कोण आहेत, तिची शेवटची बैठक कधी झाली, मंजूर पदं किती आणि भरलेली किती.

तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर उत्तर आलं. निम्म्या प्रश्नांपुढे 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असा शेरा होता. आम्ही पहिलं अपील केलं. त्याच्या उत्तरातून जे कळलं त्याने माझा रोख बदलला. कार्यक्रम करणाऱ्यांची बरीचशी पदं रिकामी होती, आणि रोजचा आवाज सांभाळत होते ते नैमित्तिक निवेदक. त्यांना महिन्याला साधारण सहाच ड्युट्या मिळतात, तेवढ्याचंच मानधन. गावात जाऊन मुलाखत घ्यायला त्यांना गाडी कोण देणार? चूक माइकपुढच्या माणसाची नव्हती. खुर्च्या भरायच्या नाहीत असं ज्यांनी वर बसून ठरवलं त्यांची होती, आणि अजूनही आहे.

वही घेऊन आम्ही बायका केंद्रावर गेलो. अधिकाऱ्यांनी बसायला दिलं, चहा दिला, पानं उलटून पाहिली. "आजवर असं लिहून कुणी आणलं नाही," ते म्हणाले. मामी तिथल्या तिथे बोलल्या, "साहेब, तुमी इचारलं कधी?"

हे विचारणं महाराष्ट्राला नवीन नाही. १९५६ साली आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोता मंडळं चालवली होती. मंडळी एकत्र बसून आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकत, चर्चा करत, प्रश्न पाठवत, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यासही केला. बीड त्या वेळी हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे शेजारच्या नगरपर्यंत आलेलं ते पाऊल आमच्याकडे पोचलं नाही. सत्तर वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आज जमत नाही, असं मला कुणी सांगू नये.

आवाज उठवला की फरक पडतो, याचं अलीकडचं उदाहरणही आहे. २०२३च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्यांचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय झाला होता. पत्रकार, पुढारी, श्रोते सगळ्यांनी आवाज उठवला आणि काही दिवसांत तो निर्णय थांबला. चांगलंच झालं. पण तिथे निदान आदेशाचा कागद होता, विरोध करायला काहीतरी हातात होतं. खेड्यासाठीची अर्ध्या तासाची वेळ कुठल्याही आदेशाशिवाय जाते. आज गाणी, उद्या सहक्षेपण, परवा श्रोत्यालाच आठवत नाही की इथे आपलं काही लागायचं. त्यासाठी वही लागते.

वहीने काही झालं का? झालं. आता पुनःप्रसारण असेल तर निवेदक तसं सांगतात आणि मूळ महिनाही सांगतात. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांशी थेट फोनवर बोलण्याचा कार्यक्रम सुरू झाला आहे. पहिल्याच खेपेला आमच्या वस्तीवरच्या वहिनींचा फोन लागला. उभ्या तुरीवर मर रोग आला होता आणि बोलताना त्यांचा आवाज थरथरत होता. तज्ज्ञांनी घाई केली नाही. रान पाणी धरून ठेवतं का, मागच्या वर्षी तिथे काय होतं, हे विचारून मग उपाय सांगितला. तेव्हा माझी मशीन बंद होती. दुकानात बसलेल्या सगळ्याजणी ऐकत होत्या.

सल्लागार समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मात्र आम्हाला अजून मिळालेलं नाही. दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे करायला नव्वद दिवसांची मुदत असते. ते आम्ही मुदतीत पाठवलं आहे.

आणि मोठं काम पुढेच आहे. दिवाळीच्या आसपास या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, रेडिओ असतो, पण तिथे आपलं केंद्र लागत नाही आणि तिथलं केंद्र यांच्याविषयी बोलत नाही. उचल, मुकादमाशी हिशेब, बाळंतपण, पोरांची शाळा, गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया, यांतलं काहीच कानावर पडत नाही. हंगामातले सहा महिने ऊसतोड मजुरांसाठी एक कार्यक्रम व्हावा आणि तो सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर या केंद्रांवरूनही लागावा, ही आमची मागणी आहे. कलम १२ मधला कामगारांचा उल्लेख पुतणीने अर्जात ठळक अक्षरांत घातला आहे. यंदा टोळ्या निघण्याआधी त्यावर सह्या घेतोय, आणि निघालेल्या बायका वहीची कोरी पानं सोबत नेणार आहेत. तिथे काय लागतं, ते लिहून आणायला.