ब्रेकचा लाल दिवा

आमच्या धर्मग्रामाची व्हॅन यंदा १५ वर्षांची झाली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी बेळगावला आरटीओत तपासणीला न्यायची होती. आदल्या आठवड्यात ब्रेकचा लाल दिवा लागला. ब्रेक ऑइल कमी दिसले. "ऑइल टाकू, दिवा विझेल, पासिंग होऊन जाईल," असे आम्हीच म्हणालो.

गॅरेजवाला म्हणाला, "पॅड झिजले की ऑइल खाली जातं. वरून ओतलं तर दिवा विझेल, पण पॅड झिजलेलेच राहतील."

याच व्हॅनमधून रविवारी धर्मशिक्षणाला मुले येतात. आम्ही खजील झालो. आधी पॅड बदलले, मगच पासिंगला गेलो.

बंधुभगिनींनो, सदसद्विवेकबुद्धी हाही देवाने आत लावलेला लाल दिवाच. पापकबुलीला जाताना आपण नुसता दिवा विझवून येतो, की झिजलेलेही प्रभूपुढे उघडे करतो?